नियोजनात न बसलेले तीन तास: खान्देशातल्या मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
पाळक, वडीलजन आणि पंचकमिटीचे सर्व सभासद,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या.

विषय: येत्या वर्षाच्या सुवार्ताकार्याच्या तक्त्याबाबत.

आदरणीय बंधूंनो (आणि कमिटीत असलेल्या दोन-चार भगिनींनो),

जय ख्रिस्त.

तुमचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर आला, दोनदा वाचला. नेटका आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या तालुक्यात फेरी, कुणाच्या गाडीत किती जण, माणशी वाटायला येशूच्या सुवार्तेच्या किती पत्रिका, आणि शेवटी अहवालाचा रकाना. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर असे तक्ते भरले, तेव्हा सरळ रेघांचं मोल मला कळतं. पण माझ्या आयुष्यात प्रभूविषयी कुणाशी मनापासून बोलणं झालं, ते जवळजवळ एकदाही असल्या तक्त्यातून झालेलं नाही. तक्ता मोडला तेव्हा झालं. एकेका कमिटीला स्वतंत्र लिहिलं असतं तर पत्र फायलीत गेलं असतं, म्हणून उघडच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर जळगावला महिलांची सभा होती. दुपारी चारला, आणि बोलायचं मला होतं. मी नंदुरबारला भाचीकडे होते, तिथून पॅसेंजर धरली. पिशवीत भाषणाचे कागद, वाटायला पत्रिका, आणि बदलायला एक चांगलं पातळ. अमळनेर सुटलं आणि पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. वारं असं सुटलं की डब्यात माती भरली, सगळ्यांनी पदर-रुमाल तोंडाला लावले. पुढच्या एका लहानशा स्टेशनावर गाडी उभी राहिली ती राहिलीच. पुढे लाईनीवर झाड आडवं झालं होतं.

मी काय केलं असेल? दर पाच मिनिटांनी दारात जाऊन उभी. फोनला रेंज नाही. मनातल्या मनात प्रार्थना चालू, आणि तीही कसली, तर ‘प्रभू, तुझंच काम आहे, गाडी हलव.’ समोरच्या बाकावर शिंदखेड्याला चढलेली एक बाई होती, माझ्याच वयाची. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर फडक्याचं गाठोडं. तिने बराच वेळ माझी ये-जा पाहिली आणि म्हणाली, “बठ वं बहीन. तू उभी राहीसन झाड उठी का?”

बसले. तिने गाठोडं सोडलं. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कांदा मुठीने फोडून अर्धा तिने न विचारता माझ्या हातावर ठेवला. सभेला जायचंय, तोंडाला वास येईल, असं माझ्या मनात आलं. आणि ती सभा आता कुठली, हेही आलं. खाल्ला.

ती रावेरला लेकीकडे निघाली होती. आदल्या दिवशीच्या वादळात जावयाची केळी भुईसपाट झाली होती. तुम्ही खान्देशातले आहात, केळीची बाग आडवी होणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. वर्षभर पाणी, खत, टेकू, सगळं करून घड भरत आलेले, आणि अर्ध्या तासात बाग झोपते. लेक काल सकाळपासून जेवली नव्हती, जावई शेताच्या बांधावरून उठत नव्हता. हे सगळं ती रडून नाही, कांदा चावत सांगत होती. सांगून झाल्यावर तिने माझ्या कागदांकडे बोट केलं, हे काय आहे म्हणून.

त्या कागदांवर मी ‘संकटातील विश्वास’ या विषयाचे मुद्दे काढले होते. खरं सांगते, त्यातला एकही मुद्दा त्या बाईला वाचून दाखवायची मला लाज वाटली. कागद पिशवीत टाकले आणि माझ्या घरातलं सांगितलं. माझ्या मालकांना लकवा झाला तेव्हा अडीच वर्षं ते अंथरुणाला होते. त्यांचं सगळं मी केलं, शाळा सांभाळून. तिने विचारलं, “मंग तू काय करं?” मी म्हटलं, पहिले सहा महिने देवाशी भांडले. मग भांडायचीही ताकद उरली नाही, तेव्हा रोज रात्री त्यांच्या उशाशी बसून येशूचं नाव घ्यायचे, तेवढंच. ते उठले नाहीत. पण त्या खोलीत मी एकटी नव्हते, हे मला जितकं पक्कं माहीत आहे तितकं दुसरं काहीच माहीत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. डब्यात कुणाचं तरी पोर रडत होतं. मग म्हणाली, “तुन्हा देव मन्ही पोरनं ऐकी का?”

ऐकतो, म्हटलं. उत्तर काय देईल ते मला सांगता येणार नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले, आणि मी तिच्या लेकीचं नाव घेऊन प्रार्थना केली. चार वाक्यांची असेल. गाडी तीन तासांनी हलली.

जळगावच्या सभेच्या अहवालात माझ्या नावापुढे ‘वक्त्या गैरहजर’ असं लिहिलंय. बरोबरच आहे. ती बाई ख्रिस्ती झाली का? नाही. दिवाळीला तिचा फोन येतो, लेकीचं सांगते, आणि फोन ठेवताना ‘तुन्हा देवले सांग’ म्हणते. हे तुमच्या कुठल्या रकान्यात लिहू?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्यात काही जणांना फार सोपं बोलायची सवय आहे. ‘देवाने आपल्यासाठीच गाडी थांबवली’ असं मी म्हणणार नाही. ज्या वादळाच्या दिवसांत माझी गाडी अडली, त्याच दिवसांत एका पोरीचं वर्षाचं पीक गेलं. मला साक्ष देता यावी म्हणून देव दुसऱ्याची बाग झोपवतो, असा देव मी ओळखत नाही. पण अडलेले ते तीन तास त्याने रिकामे ठेवले नाहीत, एवढं मात्र म्हणते. दोन्हींत फरक आहे. तो फरक व्यासपीठावर पुसला जातो आणि ऐकणाऱ्याला ते क्रूर वाटतं.

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर आपण सगळ्यांनी उपदेश ऐकलेत. याईराची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे, येशू त्याच्या घरी निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई मागून येऊन वस्त्राला शिवते. ती बरी झाली. येशूने पुढे चालायला हरकत नव्हती. पण तो थांबतो आणि मला कोण शिवलं म्हणून विचारतो. शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत हे काय विचारणं! मग ती बाई पुढे येऊन त्याला सगळं खरं सांगते. या ‘सगळं’ शब्दाशी मी दरवेळी अडते. बारा वर्षांचं दुखणं, वैद्यांनी केलेले हाल, संपलेला पैसा. आपल्याकडची कुठलीही बाई हे दोन मिनिटांत सांगेल का? आणि तेवढा वेळ याईर शेजारी उभा आहे. त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याची पोर प्रत्येक क्षणाला हातातून चाललीय, आणि हा गुरू रस्त्यात एका बाईची कहाणी ऐकतोय. ती संपते न संपते तोच घरून माणसं येतात, मुलगी गेली म्हणून.

मुळात याईराचं येणं हाही अडथळाच होता. येशू नुकताच होडीतून उतरला होता, लोक जमले होते. म्हणजे एका अडथळ्याच्या वाटेत दुसरा अडथळा. सुवार्तेची पुस्तकं या नजरेने वाचून पाहा. छप्पर उसकटून खाली सोडलेला पक्षाघाती उपदेशाच्या मध्येच येतो. शोमरोनी बाई भेटते ती येशू दमून विहिरीवर टेकला म्हणून. प्रेषित पौलाला बिथुनियात जायचं होतं, ते जमलं नाही, तेव्हा तो मासेदोनियात गेला आणि फिलिप्पैच्या तुरुंगात पडला. त्या तुरुंगाचा अधिकारी रात्री दिवा मागवून आत आला आणि त्याच्या पायांशी पडला. तक्त्यात ‘तुरुंग’ असा दौरा कुणी लावला नव्हता.

आपल्या मराठी मंडळीचंही एक उदाहरण आहेच. नारायण वामन टिळक राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, बोलणं सुरू झालं, आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण दर रविवारी ज्यांची गीतं गातो त्या माणसाच्या आयुष्याची वाट आगगाडीच्या बाकावर वळली. तो सहप्रवासी वर्तमानपत्रात तोंड घालून बसला असता तर?

आता माझी चूक सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई स्वतःचे पोवाडे गाते.

आमच्या गल्लीत शेजारी एक कुटुंब होतं. घरातली सून पापड लाटून विकायची. एका संध्याकाळी ती विरजण मागायला आली. मी वाटीत विरजण दिलं, तरी ती दारातच. वाटीतल्या दह्यावर बोट फिरवत उभी. ‘मॅडम, तुम्ही रविवारी जाता तिथे...’ एवढं म्हणाली. मी त्या वेळी सुवार्ता सप्ताहाचा अहवाल लिहीत होते. दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, पत्रिकांचा आकडा जुळत नव्हता. ‘उद्या ये गं, निवांत बोलू,’ म्हटलं. ती हसून गेली. उद्याही आली नाही, परवाही नाही. महिनाभरात ते सगळे सुरतेला कामाला निघून गेले. आपल्याकडची किती घरं अशी रातोरात सुरतेला जातात, तुम्ही पाहताच. वाटी परत करायला तिची सासू आली होती. अहवाल मात्र वेळेवर पोचला, आकड्यासकट.

मला वाटायचं, हा माझाच कोतेपणा. पुढे एक प्रयोग वाचनात आला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाळकाचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला, 1973 साली प्रसिद्ध झालेला. काही विद्यार्थ्यांना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर (वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट) बोलायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, काहींना दुसऱ्याच विषयावर. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला ठेवला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलं होतं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. डोक्यात शोमरोन्याचा दाखला असल्याने म्हणावा असा फरक पडला नाही. फरक घाईने पडला.

बंधूंनो, तुमचा तक्ता आमच्या माणसांना घाईत ठेवतो. माझी तक्रार एवढीच आहे.

आता याची दुसरी बाजू, आणि तीही तितक्याच जोराने सांगते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, दुःखसप्ताहाचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात भावाकडे अडकले होते. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत निघालेली तुम्ही पाहिली. नाशिककडून धुळं, सोनगीर, शिरपूर, पुढे पळासनेरवरून मध्यप्रदेशात. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. मंडळीतल्या पाच-सहा घरांनी खिचडी करून रस्त्यावर द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी एक उत्साही तरुण पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला: खिचडीच्या प्रत्येक पुड्याबरोबर एक. भाऊ म्हणाला, नाही. तरुण म्हणाला, एवढी संधी पुन्हा येणार नाही. दोघांची चांगली जुंपली. मी भावाच्या बाजूने होते आणि आजही आहे.

अडथळा माझ्या वाटेत आला तर ती माझी संधी. पण दुसरा माणूस अडला असेल, भुकेला असेल, त्याला उठून जाता येत नसेल, तर त्याची अडचण ही माझी संधी नव्हे. तिथे आधी खिचडी. शोमरोन्याने जखमा बांधल्या, सरायवाल्याला दोन दिनार दिले. दाखल्यात त्याने त्या माणसाला उपदेश केल्याचा एक शब्द नाही. भुकेल्याच्या हातात अन्नासोबत पत्रिका ठेवली की ती साक्ष राहत नाही, सौदा होतो. घटनेच्या 25 व्या कलमाने आपल्याला धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. काही जण या निकालाने दुखावतात. मला त्यात गैर वाटत नाही. मन पालटणं माझ्या हातात कधी नव्हतंच.

आणि तरीही लोकांनी विचारलं. पायाला फोड आलेल्या एका माणसाला माझ्या वहिनीने घमेल्यात कोमट पाणी, मीठ घालून दिलं, तर त्याला वाकताच येईना. मग तिनेच धुतले त्याचे पाय, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत. (येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून काही मंडळ्यांत पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण घरून साबणाने पाय घासून येतात, हे आपण सगळे जाणतो.) त्या माणसाने विचारलं, “दीदी, आप लोग कौन हैं?” वहिनीने सांगितलं, आम्ही येशूचे लोक. त्याने मान हलवली, पाणी प्यायला, आणि उत्तरेला चालू लागला. पेत्राच्या पत्रात जे म्हटलंय, आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने द्या, त्यातलं ‘विचारणाऱ्याला’ आपण फेरीत विसरतो. कुणी विचारायच्या आधीच आपला लाऊडस्पीकर लागलेला असतो.

भाषेचंही थोडं बोलते, शिक्षिका आहे, राहवत नाही. आपली तरुण मुलं साक्ष द्यायला उभी राहतात आणि एकदम छापील बोलायला लागतात: तारणप्राप्ती, नीतिमत्त्व, पापक्षमा, नूतनीकरण. घरात अहिराणी, लेवा बोली, नंदुरबारकडे पावरी, मावची, कोकणी. आणि देवाविषयी बोलायचं म्हटलं की शंभर वर्षांपूर्वीचं मराठी. त्या गाडीतल्या बाईला मी ‘समेट’ म्हटलं असतं तर तिने कांद्याचा दुसरा अर्धाही स्वतःच खाल्ला असता. फेरीच्या आधी जे दोन दिवसांचं प्रशिक्षण तुम्ही ठेवता, त्यात पाठांतर कमी करा. प्रत्येकाला स्वतःच्या घरात घडलेली एक गोष्ट, स्वतःच्या बोलीत, न सजवता सांगायला लावा. न उठलेल्या मालकाची असली तरी चालेल. बरे झालेल्यांच्याच साक्षी ऐकून ऐकून न बरे झालेले मागच्या बाकावर सरकलेत.

म्हणून मागणं असं आहे. फेऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. वर्षातून चार-पाच फेऱ्या ठीक आहेत, निदान मंडळीतली माणसं एका गाडीत बसून एकमेकांशी बोलतात. पण आठवड्यातले तीन-तीन दिवस संध्याकाळी मीटिंगा लावून माणसांना पळवू नका. बुधवारची प्रार्थना राहू द्या, बाकीच्या संध्याकाळी त्यांना ओट्यावर बसू द्या. लाईट गेली की सगळी गल्ली ओट्यावर येते, आणि आपली माणसं नेमकी तेव्हा कमिटीत बसलेली असतात. अहवालातून आकड्यांचा रकाना काढा. त्या जागी हवं तर मासिक सभेत दहा मिनिटं ठेवा: या महिन्यात कोण कुठे अडलं, कोण भेटलं, काय बोलणं झालं. कुणी ‘मी थांबलो नाही, निघून गेलो’ असं सांगितलं तर त्याला उपदेश करू नका. मी सांगेन पहिल्यांदा, विरजणाचं.

माझ्या नावावर या वर्षी 200 पत्रिका लावल्या आहेत. त्यांतल्या 170 पुढच्या रविवारी परत आणून देते, मोजून घ्याव्यात. उरलेल्या 30 पिशवीत आहेत, आणि शिंदखेड्याच्या बाईने परवा फोनवर विचारलंय की लेकीला वाचता येतं, तिच्यासाठी काही आहे का.

आपली नम्र बहीण,
एक निवृत्त शिक्षिका
भुसावळ